शून्य आणि रेघ : पशुरोग सर्वेक्षण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय अधिकारी,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या खात्याची गाडी आमच्या वाड्यापाशी थांबली. दोघे जण उतरले. मेंढ्यांच्या वाड्याच्या वळचणीला टांगलेला, चिलटे पकडायचा प्रकाशसापळा त्यांनी उतरवला, वायर गुंडाळली, बॅटरी उचलली आणि माझी सही घेतली. पावतीवर लिहिले होते : सापळा एक, बॅटरी एक, प्लास्टिकची भांडी दोन. मी विचारले, नवा बसवणार का? म्हणाले, नाही, योजनाच बंद झाली. का? तर म्हणे, "सात वर्षांत काही सापडलंच नाही ना."

ते दोघे हुकमाचे ताबेदार, त्यांच्यावर माझा राग नाही. ते वाक्यही त्यांचे नव्हते, वरून आलेले होते. म्हणून हे पत्र वर पाठवते आहे. उघड पाठवते आहे, कारण बंद पाकिटातली दोन पत्रे आधी पाठवून झाली आणि त्यांची पोचही आली नाही.

मी मेंढ्या पाळते. थोड्या गाई आहेत. शास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण सात वर्षे, दर आठवड्याची एक रात्र, मी तुमच्यासाठी चिलटे पकडली. घरात थट्टा चालायची की हिच्या मेंढ्यांच्या वहीपेक्षा चिलटांची वही जाड आहे. ती खरेच जाड आहे. हे पत्र लिहिताना ती माझ्यासमोर उघडी आहे.

ज्यांनी हा सापळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. वर एक छोटा अतिनील दिवा, त्याच्याखाली पंखा, पंख्याखाली पातळ कापडाची बाही आणि बाहीच्या टोकाला भांडे. दिव्याकडे येणारे चिलट पंखा खाली ओढतो. दिव्याभोवती जाळी असते, तिच्या भोकांतून चिलट जाते, पतंग आणि भुंगे बाहेर राहतात. भांड्यात पाणी आणि साबणाचा एक थेंब. हा थेंब विसरलात तर एवढेसे चिलट पाण्यावर तसेच उभे राहते. थेंब असला की बुडते. सूर्य मावळायच्या आधी दिवा लावायचा आणि उजाडल्यावर काढायचा. जवळपास दुसरा दिवा नको. वाऱ्याची रात्र नको, कारण वाऱ्यात हे जीव उडतच नाहीत. सापळा जनावरांच्या जवळ हवा, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. सकाळी पकड बारीक कापडातून गाळून मद्यार्काच्या बरणीत ठेवायची आणि आत कागदाची चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाईने नाही. शाई मद्यार्कात विरघळते आणि मग कुठली रात्र कुठल्या बरणीत ते देवालाही कळत नाही. पहिल्या वर्षी माझ्या दोन बरण्या अशाच वाया गेल्या.

हे सगळे मला तुमच्याच एका तरुण तंत्रज्ञाने शिकवले. त्याने आणखी एक गोष्ट शिकवली आणि ती मी आजवर विसरलेले नाही. तो म्हणाला, ताई, सापळा रात्रभर चालला आणि भांड्यात एकही चिलट नसले, तर रकान्यात शून्य लिहा. सापळा लावलाच नाही, बॅटरी मेली, पंखा अडकला, तर शून्य लिहू नका, रेघ ओढा. शून्य म्हणजे आपण पाहिले आणि नव्हते. रेघ म्हणजे आपण पाहिलेच नाही. या दोन्हींत कधी गल्लत करू नका.

साहेब, माझी सगळी तक्रार या दोन खुणांमध्ये आहे. तुमच्या खात्याने रेघांना शून्य म्हटले आणि त्या शून्यावर योजना बंद केली.

आधी माझे यात काय अडकले आहे ते सांगते. सापळा बसायच्या आदल्या वर्षी आमच्या कळपात ब्लूटंग आला, म्हणजे चिलटांच्या चाव्यातून पसरणारा विषाणूचा रोग. सुरुवातीला एक मेंढी मागे राहू लागली. ताप, तोंडाला लाळ, नाकाला पपडी. दुसऱ्या दिवशी ओठ आणि जबडा इतका सुजला की चेहरा ओळखू येईना. खुराच्या वरची कडा लाल झाली आणि ती गुडघ्यावर सरकत चरू लागली. रोगाचे नाव निळी जीभ असले तरी निळी पडलेली जीभ मी अख्ख्या कळपात एकाच मेंढीची पाहिली. नावावर विसंबून जिभा तपासत बसलेला माणूस बाकीच्या आजारी मेंढ्या सोडून देईल. आम्हीही पहिले चार दिवस खुरांचा रोग समजून खुरेच धूत बसलो. तोवर रोग कळपभर झाला होता. किती गेल्या ते इथे लिहीत नाही. गाभण मेंढ्या त्यात होत्या एवढेच सांगते.

आणि त्याच आवारात, हातभर अंतरावर, गाई निवांत रवंथ करत उभ्या होत्या. नंतर त्यांच्या रक्तात तोच विषाणू निघाला. या रोगाचा हा डाव मला तेव्हा कळला. गाईला बहुधा काही होत नाही, पण विषाणू तिच्या रक्तात कित्येक आठवडे राहू शकतो. चिलट गाईचे रक्त पिते, मग मेंढीला चावते. गाय दाखवत नाही आणि मेंढी दाखवते तेव्हा उशीर झालेला असतो. आजारी मेंढी दुसऱ्या मेंढीला नुसती टेकून हा रोग देत नाही. मधे चिलट लागतेच. म्हणूनच मला पुढच्या वर्षी तुमच्या खात्याने सापळा लावाल का विचारले, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. सात वर्षांत काही सापडले नाही असे तुम्ही म्हणता. कशात सापडले नाही? माझ्याकडून गेलेल्या बरण्यांतली चिलटे मोजली गेली, तीही पहिली दोन वर्षे. त्यानंतर मोजणारा माणूस बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. विषाणूसाठी तपासणी तर एकाही बरणीची झालेली नाही. हे मी तर्काने सांगत नाही, तुमच्याच कार्यालयाने मला तोंडी सांगितले आहे. खरे तर काम अवघड नाही. एका जातीच्या पन्नासेक माद्या एका नळीत घेऊन त्यांचा एकत्र रस काढतात आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी चाचणी करतात. एकेक चिलट तपासावे लागत नाही. हे न करता 'सापडले नाही' म्हणणे म्हणजे विहिरीत पोहरा न सोडता ती आटली म्हणण्यासारखे आहे.

तपासले असते तर काय झाले असते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. त्या देशात ब्लूटंग नाही असेच सगळे मानून होते. १९७५ साली उत्तरेकडे, डार्विनजवळ बीट्रिस हिल इथे सापळ्यात पकडलेल्या चिलटांतून एक विषाणू वेगळा केला गेला आणि पुढे तो ब्लूटंगचाच निघाला. तेव्हा तिथे एकही जनावर आजारी दिसत नव्हते. कोणी शेतकरी तक्रार घेऊन आला नव्हता. चिलटाने सांगितले. त्या देशाने मग काय केले? सापळे काढून नेले नाहीत. १९९३ पासून तिथे कीटकजन्य विषाणूंवर देशभर नजर ठेवण्याचा कायमचा कार्यक्रम आहे. ठरावीक कळपांतल्या तरण्या जनावरांचे रक्त वेळोवेळी तपासायचे आणि सोबत चिलटांचे सापळे चालवायचे. त्यावरून विषाणूचा वावर कुठवर आहे याचा नकाशा काढतात. त्या नकाशाच्या बाहेरचा पशुपालक आपली जनावरे कागद दाखवून विकू शकतो.

दुसरी तक्रार जुन्या बरण्यांची. सापळा उतरवायला आलेल्यांना मी विचारले की आमच्या बरण्या कुठे आहेत. कपाट हवे होते म्हणून रिकाम्या केल्या, असे कळले. मद्यार्क ओतून दिला आणि काचा धुऊन ठेवल्या. सात वर्षांच्या रात्री मोरीत गेल्या.

तुम्हाला वाटेल ही बाई मेलेल्या चिलटांसाठी हळहळते आहे. मग श्मालेनबर्गचे काय झाले ते पाहा. २०११ च्या उत्तरार्धात जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये गाईंना ताप येऊ लागला, दूध कमी झाले. ओळखीचा एकही विषाणू लागू पडेना. शेवटी एक नवाच विषाणू निघाला आणि ज्या गावच्या नमुन्यात तो सापडला त्या श्मालेनबर्गचे नाव त्याला मिळाले. पुढे वाकड्या पायांची, ताठ मानेची कोकरे आणि वासरे जन्मू लागली, कारण गाभणकाळात विषाणू गर्भात शिरला होता. आता प्रश्न हा की हे पसरवतो कोण? उत्तरासाठी कोणाला पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली नाही. २०११ च्या शरदात पकडलेली चिलटे बरण्यांत होती. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी त्या ऑक्टोबरातली चिलटे काढून तपासली आणि त्यांत विषाणू मिळाला. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्येही जुन्या पकडीतून तसेच निघाले. ज्या रात्री ती चिलटे भांड्यात पडली त्या रात्री या विषाणूला नावसुद्धा नव्हते. जतन केलेली बरणी अशा प्रश्नाचे उत्तर देते जो पकडताना कोणी विचारलेलाच नसतो. उद्या आपल्या गोठ्यात असा काही नवा रोग आला तर मागे वळून पाहायला आपल्याकडे धुतलेल्या काचा आहेत.

तिसरी तक्रार पोटाची आहे, म्हणून ती जरा सविस्तर मांडते. रोग आला त्या वर्षी तुम्ही जनावरांच्या ने-आणीवर बंदी घातली. घालायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण ती उठेना. थंडी पडली, रात्रीचा पारा खाली गेला, वाड्यात एक चिलट दिसेना, तरी बंदी तशीच. मी विचारले तर उत्तर मिळाले की चिलटे संपल्याचा पुरावा नाही. पुरावा कसा असेल? तेव्हा सापळाच नव्हता. विकायची कोकरे वाड्यात उभी, चारा संपत आलेला, आणि आम्ही अशा गोष्टीचा पुरावा द्यायचा जी मोजायचे साधन कोणाकडेच नाही.

जगात हा प्रश्न सुटलेला आहे. या चिलटांत फक्त मादी चावते, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागते. पहिल्यांदाच रक्त शोधायला निघालेल्या मादीत विषाणू असायचा फारसा संभव नाही. आधी एकदा रक्त पिऊन अंडी घालून आलेली जी मादी, धोका तिच्याकडून. या दोघी ओळखायच्या कशा? ऑस्ट्रेलियातल्या डाइस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले की एकदा अंडी घातलेल्या मादीच्या पोटात जांभळट लाल रंग साचतो. पोट चिरायचीही गरज नाही, भिंगाखाली वरूनच दिसतो. तुमच्या तंत्रज्ञाने मला तो दाखवला होता आणि त्या दिवसापासून मी ते लाल पोट ओळखू शकते. युरोपीय संघाने २००७ साली ब्लूटंगचे नियम केले, तेव्हा हंगाम संपला कसा ठरवायचा याच्या कसोट्यांत हीच गोष्ट घातली : सापळ्यात क्युलिकॉइडीस इमिकोला या जातीचे एकही चिलट नको आणि इतर जातींच्या अंडी घातलेल्या माद्या एका सापळ्यामागे पाचपेक्षा कमी हव्यात. पाच. म्हणजे त्या नियमांत तिथल्या पशुपालकाची दावण एका आकड्यावर सुटायची. आमची साहेबांच्या सहीवर सुटते आणि सही कशावर होते ते कोणी सांगत नाही.

सापळा असताना माझ्या वहीत थंडीतले कितीतरी आठवडे ओळीने शून्य आहेत. तुम्ही त्या शून्यांना वाया गेलेले पैसे समजलात. मला ती कोकरे विकायची परवानगी वाटते.

चौथी तक्रार छोटी आहे. सात वर्षांत एकदाही मला निकाल कळवला गेला नाही. माझ्या सापळ्यात किती जातींची चिलटे आहेत, कुठल्या महिन्यात ती वाढतात, हे मला माझ्याच वहीवरून जमेल तसे जोडावे लागले.

पाचवी, आणि ही लिहिताना हसू येते. काही सापळे अजून चालू आहेत असे तुमचे परिपत्रक सांगते. त्यांतला एक मी पाहून आले. तो कार्यालयाच्या आवारात आहे, रात्रभर जळणाऱ्या मोठ्या दिव्याखाली. आसपास गाय नाही, शेळी नाही. तिथे जनावर म्हणून फक्त फाटकाजवळ झोपणारे कुत्रे आहे. त्या दिव्यापुढे सापळ्याच्या दिव्याची काय मातब्बरी? या सापळ्याचा प्रकाश चिलटाला फार लांबून ओढतही नाही, काही मीटरांचा खेळ असतो. तिथले शून्य हे शून्यही नाही.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रकाशसापळा सगळे सांगत नाही. भांड्यातली संख्या म्हणजे जनावराला बसलेल्या चाव्यांची संख्या नव्हे. काही जाती उजेड असतानाच चावून जातात, त्या दिव्याकडे येत नाहीत. गोठ्यातली चावरी माशी आणि गोमाशी या तर दिवसाच्या. जनावरातले सुर्रासारखे रोग आणि लम्पीचा काही प्रसार त्यांच्या तोंडातून होतो, आणि त्यांच्यासाठी दिवा निरुपयोगी. त्यांना निळ्या-काळ्या कापडाचा सापळा लागतो. आफ्रिकेत त्सेत्से माशीसाठी असे निळे कापड कित्येक वर्षे वापरतात, आणि त्याच वंशातला एक सापळा 'न्झी' या नावाने ओळखला जातो. स्वाहिलीत न्झी म्हणजे माशी. नाव ठेवणाऱ्याने फार डोके खाजवलेले दिसत नाही, पण सापळा उत्तम आहे. तर सांगायचे इतकेच की दिवा अपुरा असेल तर त्याच्या जोडीला कापड लावा. दिवाच काढून घेणे हा अपुरेपणावरचा उपाय कसा?

दुसरे एक स्पष्ट करायला हवे, कारण शेजारीपाजारी मला हे नेहमी विचारतात. हा सापळा चिलटे कमी करत नाही. हजार पकडली तरी चिखलात आणि ओल्या शेणात लाखो वाढत असतात. तो औषध नाही, थर्मामीटर आहे. ताप उतरवत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही.

तुमच्या पत्रकात म्हटले आहे की यापुढे आजारी जनावरांच्या नोंदींवर आणि हवामानावर आधारित अंदाजांवर भर दिला जाईल. आधी नोंदींचे बघू. विषाणू घेतलेले चिलट लगेच रोग देत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोचायला हवा, आणि तो वेग तापमानावर ठरतो. उबेत हे आठवडा-दीड आठवड्यात होते, बारा अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. मग चावा. मग मेंढीत लक्षणे दिसायला आणखी आठवडाभर. मग मालकाच्या लक्षात येणे, माझ्यासारखीने चार दिवस खुरे धूत बसणे, डॉक्टर येणे, नमुना जाणे, अहवाल येणे. तुमच्या वहीत पहिली नोंद होते तोवर विषाणूने एक-दोन फेऱ्या मारलेल्या असतात.

आणि अंदाज. तापमान आणि ओल यांवरून चिलटे किती वाढतील याचे गणित मांडता येते, हे मान्य. पण ते गणित ताडून कशाशी पाहणार? भांड्यातल्या पकडीशीच. शिवाय अंदाज त्याच चिलटांचा बांधला जातो ज्यांच्यावर आपला संशय आहे. उत्तर युरोपचे काय झाले ते आठवा. ब्लूटंग म्हणजे दक्षिणेचा रोग, इमिकोला जातीचे चिलट वाहते, आणि ते थंड उत्तरेत राहत नाही, असा समज होता. ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत रोग फुटला. इमिकोला नव्हतेच. तिथल्याच गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्थानिक चिलटांनी तो वाहिला. थंडीत संपेल म्हणून वाट पाहिली तर पुढच्या वर्षी तो कितीतरी जास्त पसरला आणि समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. २०२३ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये तो पुन्हा आला, तोही वेगळ्या उपप्रकाराचा, तिसऱ्या क्रमांकाचा. २००६ चा उपप्रकार आठव्या क्रमांकाचा होता, आणि आठव्यावरची लस तिसऱ्यावर चालत नाही. म्हणजे रोग आला एवढे कळून भागत नाही, कुठला आला तेही लवकर कळावे लागते.

हे सगळे मी शिकवायला लिहीत नाही. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, निदान असायला हवे. चावणारा बारीक जीव रोग वाहतो ही गोष्ट जगाला शिकवण्यात गुरांचा मोठा वाटा आहे. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेत दाखवले की गुरांचा टेक्सास ताप गोचिडीतून पसरतो. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी. चिलटे ब्लूटंग वाहतात हे दक्षिण आफ्रिकेत ऑन्डर्स्टपूर्टच्या पशुरोग संशोधन संस्थेत डू टॉइट यांनी १९४४ साली सिद्ध केले. पकडलेल्या चिलटांपासूनच. इतक्या जुन्या ज्ञानाला आपल्या खात्यात एक कपाट मिळू नये याचे वाईट वाटते.

आता मागण्या. लांबवत नाही.

काढून नेलेले सापळे त्याच जागी परत लावा. जवळपासच्या जागी चालणार नाही. जागा बदलली की मागचे आकडे पुढच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. दर आठवड्याला एक रात्र, थंडीतसुद्धा, आणि किमान पाच वर्षे तरी मधे खंड नको. कार्यालयाच्या आवारातला सापळा एखाद्या गोठ्यात हलवा.

पकड मोजायला आणि जाती ओळखायला एक माणूस कायमचा नेमा. त्याची बदली झाली तर दुसरा येईपर्यंत त्याला सोडू नका. हंगामात माद्यांच्या नळ्या विषाणूसाठी तपासा. मोजून झालेली पकड मद्यार्कात, थंड जागी, तारखेसह जपून ठेवा. ती कोणी काढून टाकायची असेल तर तसा लेखी निर्णय आणि त्याखाली नाव असावे.

ज्यांच्या गोठ्यात सापळा आहे त्यांना दोन आठवड्यांच्या आत निकाल कळवा. शून्य असेल तर शून्य कळवा. तपासले नसेल तर तपासले नाही असे कळवा, त्याची लाज वाटून घेऊ नका.

ने-आणीवरची बंदी घालायची आणि उठवायची कसोटी लिहून जाहीर करा, आकड्यांत. किती सापळे, किती आठवडे, अंडी घातलेल्या माद्या कितीपेक्षा कमी, आणि पहारा म्हणून ठेवलेल्या जनावरांच्या रक्तात काय. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असले की आम्हीच तुम्हाला सापळे लावू द्या म्हणून मागे लागू.

आणि सात वर्षांच्या बरण्यांचे काय झाले याची लेखी माहिती द्या. एखादी जरी शिल्लक असेल तरी ती कुठे आहे ते सांगा.

मनुष्यबळ नाही असे उत्तर येणार हे मला माहीत आहे. आमच्यासारखे लोक सापळा लावायला तयार आहेत, पूर्वीही लावतच होतो, फुकट. रात्री दिवा लावणे आणि सकाळी बरणी भरणे यासाठी तुमचा माणूस लागत नाही. शिकवायला एकदा या. तो तंत्रज्ञ आता कुठे आहे मला ठाऊक नाही, पण त्याने शिकवले ते मी दुसऱ्या दहा जणांना शिकवू शकते. पेन्सिलीपासून सुरुवात करीन.

सापळा गेल्यावरही मी वही बंद केलेली नाही. ठरलेल्या संध्याकाळी वाड्यात जाऊन तापमान लिहिते, वारा लिहिते, आत किती मेंढ्या आहेत ते लिहिते. वळचणीतला खिळा तसाच आहे. पकडीच्या रकान्यात रेघ ओढते. आजवर अशा पाच रेघा झाल्या आहेत.

कळावे,

एक मेंढपाळ